केशरचे काम

रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या घरात माणसांची मोजणी होते आणि ती केशर करते. केशर ही आमची १३ वर्षांची, पेंब्रोक वेल्श कॉर्गी जातीची कुत्री. अंगाने केशरी, छाती आणि चारही पंजे पांढरे. पूर्वी ही मोजणी चालून होत असे. मी स्वयंपाकघरात आहे का, मुलगा वरच्या खोलीत अभ्यासाला बसला आहे का, नवरा कामावरून आला आहे का, हे ती जिना चढून-उतरून पाही, आणि कुणी कमी असेल तर ते माणूस येईपर्यंत पुढच्या दाराशी बसून राही. गेल्या दीड वर्षापासून तिचे मागचे पाय चालत नाहीत. आता तिची गादी बैठकीच्या खोलीत अशा जागी आहे, जिथून दार आणि जिना दोन्ही दिसतात, आणि मोजणी तिथूनच होते.

आम्ही वेल्समधल्या कार्डिफमध्ये राहतो. कॉर्गी म्हटले की लोकांना इंग्लंडची राणी आठवते, आणि त्यात चूक काही नाही. दुसऱ्या एलिझाबेथला १९४४ साली अठराव्या वाढदिवसाला सुसान नावाची कॉर्गी मिळाली आणि त्यानंतर तिच्याकडच्या बहुतेक कॉर्गी त्याच सुसानच्या वंशातल्या होत्या. पण वेल्समध्ये राहून या कुत्र्याकडे पाहिले की राजवाड्याआधी गोठा दिसतो. केशरला आम्ही २०१२ साली पेंब्रोकशरमधल्या हॅवरफर्डवेस्टजवळच्या एका शेतावरून आणले, तेव्हा तिची आई अंगणात दोन वासरांना कुंपणाकडे वळवत होती. ती भुंकत नव्हती. वासराच्या मागे जाऊन, खाली वाकून, खुराच्या वर जेमतेम दात लावायची आणि लगेच जमिनीशी सपाट व्हायची. वासराची लाथ तिच्या डोक्यावरून निघून जायची. त्या बुटक्या पायांचा उपयोग मला तिथे पाच मिनिटांत कळला.

त्या शेतावरच्या बाईंनी मला नावाचा अर्थही सांगितला. वेल्श भाषेत ‘कोर’ म्हणजे खुजा आणि ‘की’ म्हणजे कुत्रा. दोन्ही शब्द जोडले की ‘क’चा ‘ग’ होतो आणि ‘कॉर्गी’ तयार होते. आपल्याकडे वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, तेच हे. परक्या भाषेत ओळखीचा माणूस भेटावा तसे मला झाले, आणि परतीच्या वाटेवर मांडीवरच्या टोपलीत झोपलेल्या पिल्लाशी मी मराठीत बोलायला लागले, ते आजतागायत. ‘बस’, ‘थांब’, ‘आत चल’, ‘नको’ एवढेच नव्हे, तर ‘दादा कुठाय?’ हा प्रश्नही तिला कळतो आणि ती मुलाच्या खोलीकडे पाहते.

कॉर्गीचे पाय बुटके का, याचे उत्तर २००९ साली मिळाले. हाडांच्या वाढीशी संबंधित एका जनुकाची जास्तीची प्रत या कुत्र्यांच्या गुणसूत्रात शिरलेली आहे, आणि डॅक्सहुंड, बॅसेट हाउंड यांच्या आखूड पायांमागेही तीच आहे. धड मात्र मोठ्या कुत्र्याचे राहते, त्यामुळे लांब पाठीचा सगळा भार या चार खुंट्यांवर येतो. कॉर्गी पाळणाऱ्याने लक्षात ठेवायची पहिली गोष्ट कोणती असे मला कुणी विचारले तर मी वजन म्हणेन. ब्रिटनच्या केनेल क्लबने पेंब्रोक मादीसाठी ९ ते ११ किलो हे वजन योग्य मानले आहे. केशर ऐन उमेदीत ११ किलोंची होती, आणि तेवढे वजन टिकवण्यासाठी मला तिच्याशी रोज झगडावे लागे, कारण कॉर्गीची भूक संपत नाही आणि तिचे डोळे समोरच्याला सहज विरघळवतात.

शेपटीबद्दलही सांगते, कारण रस्त्यात थांबवून विचारणारे अजून भेटतात. जुन्या छायाचित्रांतल्या पेंब्रोकना शेपूट दिसत नाही. काही जन्मतःच बिनशेपटीच्या असतात, बाकीच्यांची पिल्लूपणीच कापत असत. वेल्समध्ये २००७ पासून ती कापायला बंदी झाली, आणि केशर त्यानंतरची असल्यामुळे तिला झुपकेदार, कोल्ह्यासारखी शेपूट आहे. त्यामुळे तिला पुष्कळ जण कार्डिगन समजतात. कार्डिगन ही या कुत्र्याची दुसरी जात. ती थोडी मोठी, लांब, अधिक गोल कानांची. १९३४ पर्यंत दोन्ही एकाच नावाखाली धरल्या जात, मग वेगळ्या झाल्या. २०१४ साली तर ब्रिटनमध्ये वर्षभरात नोंदल्या गेलेल्या पेंब्रोक पिल्लांची संख्या ३००च्याही खाली गेली होती आणि ही जात दुर्मीळ होत चालल्याची चिंता व्यक्त होत होती. पुढे ती संख्या पुन्हा वाढली. आमचा धाकटा कॉर्गी, बुक्का, त्या वाढीच्या काळातला, २०१९ चा. तो तिरंगी आहे, डोके काळे, म्हणून बुक्का. केशर आणि बुक्का ही नावे माझ्या आईने फोनवरून ठेवली. आई माणदेशातली, पंढरीची वारी केलेली. तिला कुत्र्यांसाठीही कपाळाला लावायचे रंगच सुचले.

२०२३ च्या फेब्रुवारीत, रोथ पार्कच्या तळ्याभोवती फिरताना, मला केशरच्या चालण्याचा आवाज बदललेला जाणवला. नेहमी चार पंज्यांच्या नखांचा एकसारखा टकटक आवाज यायचा, त्यात मधूनच ‘खर्र’ असे घासटणे मिसळू लागले होते. मी वाकून पाहिले तर मागच्या उजव्या पायाची मधली दोन नखे झिजून बोथट झाली होती. बाजूची नखे जशीच्या तशी होती. तिला दुखत नव्हते, ती लंगडत नव्हती, बदकांना पाहून नेहमीसारखी पुढे ओढत होती. ज्या डॉक्टरांना आम्ही आधी दाखवले त्यांनी वय झाल्याचे सांगितले, सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि आम्ही चार महिने त्या देत राहिलो. न दुखणाऱ्या पायाला दुखण्याची औषधे चालू होती आणि घासटणे डाव्या पायातही आले होते. त्या चार महिन्यांची खंत मला अजून वाटते, म्हणून हे लिहून ठेवते आहे: वयस्क कॉर्गीच्या मागच्या पायांची मधली नखे झिजताना दिसली, तर वाट पाहू नका.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिला टेबलावर उभे केले, मागचा एक पंजा हाताने उलटा करून पंजाची पाठ टेबलाला टेकवली आणि सोडून दिला. निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. केशर उलट्या पंजावर तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून शेपूट हलवत राहिली. आपला पाय कसा पडला आहे हे पायाकडून मेंदूला कळतच नव्हते. मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येणे हे लांब पाठीच्या कुत्र्यांत नेहमीचे, आणि त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते, म्हणून एमआरआय केला. तसा दाब कुठेच नव्हता. मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली. एसओडी१ नावाच्या जनुकातला जो बदल डिजनरेटिव्ह मायलोपॅथीशी जोडलेला आहे, त्याच्या दोन्ही प्रती तिच्यात होत्या. पेंब्रोक जातीत हा बदल पुष्कळ जणांत असतो आणि त्या सगळ्यांनाच आजार होतो असे नाही, त्यामुळे केवळ तपासणीवरून निदान ठरत नाही. बाकीच्या शक्यता एकेक करून बाजूला सारल्यावर जे उरते तेच निदान मानायचे. पक्की खात्री मृत्यूनंतर मज्जारज्जू तपासूनच होते. या आजारात मज्जारज्जूतले तंतू पाठीच्या भागापासून हळूहळू झडत जातात. दुखत नाही. थांबवता येत नाही. मागचे पाय जातात, नंतर मलमूत्रावरचा ताबा, आणि शेवटी पुढचे पाय. आम्ही केशरला घेतले तेव्हा पिल्लाच्या आईवडिलांची ही तपासणी झाली आहे का, हे विचारायचे असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते. बुक्काच्या वेळी तोच प्रश्न मी सर्वांत आधी विचारला.

डॉक्टरांनी औषध दिले नाही, व्यायाम दिला. रोज नेमाने फिजिओथेरपी केलेली कुत्री जास्त काळ चालती राहतात, असे त्यांनी सांगितले, आणि आमच्या घराचे वेळापत्रक त्या दिवशी बदलले. सकाळी चहाच्या आधी मागच्या पायाचे एकेक बोट वाकवायचे आणि सोडायचे. मग पाय पोटाकडे दुमडून, सायकल चालवल्यासारखा फिरवायचा. मग तिला मऊ उशीवर उभे करून कमरेला हाताचा आधार द्यायचा आणि पुढे खाऊ धरायचा, म्हणजे ती तोल सावरण्यासाठी स्नायू वापरते. आठवड्यातून एकदा पाण्यातला पट्टा. काचेच्या टाकीत कोमट पाणी भरतात, खाली पट्टा सरकतो आणि पाणी अंगाचा भार उचलून धरते. जमिनीवर चार पावलांत कोलमडणारी केशर त्या टाकीत सुरुवातीला पंधरा-पंधरा मिनिटे चालत असे.

घरातली लाकडी फरशी तिची शत्रू झाली होती. आम्ही योगासनांच्या चटया कापून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरल्या. पंज्यांच्या गादीमधले केस दर आठवड्याला कातरायचे, नाहीतर पाय निसटतो. मागच्या दाराच्या दोन पायऱ्यांवर नवऱ्याने फळीचा उतार केला आणि त्यावर खरखरीत कापड ठोकले. बाहेर फिरताना मागचा भाग उचलून धरण्यासाठी पट्टे विकत मिळतात, पण ते तिच्या मांडीला काचत. शेवटी आईच्या जुन्या सुती लुगड्याची चौपदरी पट्टी केली आणि ती पोटाखालून घेऊन दोन्ही टोके हातात धरली. धुऊन धुऊन मऊ झालेल्या त्या कापडाने केशरच्या अंगावर एकही वळ उठला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. तोवर केशर उभी राहत नव्हती. ती पुढच्या पायांवर स्वतःला ओढत नेई, तिच्या मांड्यांची कातडी सोलवटली होती, आणि जिन्याखाली जाऊन ती वर पाहत भुंकत असे. तिला इजा होऊ नये म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लहान मुलांसाठी असते तसे जाळीचे कुंपण आणून तिला आत ठेवले. गादी होती, पाणी होते, खेळणी होती. दोन दिवसांत तिने खाणे कमी केले. तिसऱ्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि बुक्का कुंपणाबाहेर बसून कण्हू लागला. मला वाटले, आजार वाढला.

आईने तिसऱ्या दिवसापर्यंत काही म्हटले नव्हते. कुत्रे घरात, तेही स्वयंपाकघरात, हे तिला मुळात पटलेले नव्हते. तिच्या लेखी शेवटची पोळी कुत्र्याची, पण ती उंबऱ्याबाहेर. त्या संध्याकाळी ती खुर्ची घेऊन कुंपणाशी बसली आणि म्हणाली, “अगं, हिचं काम काढून घेतलंत तुम्ही.” मी म्हटले, “आई, हिला चालता येत नाही गं, काम कसलं करणार ती?” त्यावर ती म्हणाली, “धनगराचं कुत्रं म्हातारं झालं की मेंढरामागं जात नाही, पण वाड्याच्या तोंडाशी बसतं. मेंढरं आत येताना त्याच्या नजरेखालनं येतात. त्याला कुणी मागच्या अंगाला नेऊन बांधत नाही. हिला दार दिसू दे.”

आम्ही त्याच रात्री कुंपण काढले. गादी बैठकीच्या खोलीत, आजच्या जागी आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा शाळेतून आला तेव्हा केशरने मान उचलली, एकदा भुंकली आणि मग जिन्याकडे पाहिले. तो वर जाईपर्यंत ती पाहत राहिली. रात्री तिने ताट चाटून पुसून खाल्ले. त्यानंतर घरात एक नियम झाला, आणि तो पाळायला आईने सगळ्यांना लावले: बाहेरून येणाऱ्याने आधी केशरच्या समोर यायचे, तिला दिसायचे, मग बाकी काय ते. पाहुण्यांनाही आम्ही हे सांगतो. तिला कुणाचा लाड नको असतो, फक्त माणूस आल्याची नोंद हवी असते.

चाकांची गाडी त्यानंतर महिन्याभराने आली. मागे दोन चाके, कमरेखाली आधार, पाय अडकवायला दोन फासे. पहिल्या दिवशी ती दगडासारखी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ब्यूट पार्कात समोरून धावत जाणारी मुले दिसली आणि ती त्यांच्या मागे अशी सुटली, की आम्हाला पळत जाऊन तिला थांबवावे लागले. मोठ्या जातीच्या कुत्र्याला हा आजार झाला तर माणसाची पाठच साथ देत नाही. कॉर्गी उचलता येते, गाडीत बसवता येते, आणि त्यामुळेच कॉर्गींना या आजारात जास्त दिवस मिळतात असे मला डॉक्टरांनी सांगितले होते. गाडीत एका वेळी वीस मिनिटांहून जास्त ठेवायचे नाही आणि फासे जिथे लागतात तिथली कातडी रोज तपासायची, एवढी काळजी घ्यावी लागते.

मूत्राशयाबद्दल लोक बोलायला संकोचतात, पण म्हाताऱ्या कुत्र्याची खरी सेवा तिथेच असते. ताबा गेल्यावर मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि गळलेल्या लघवीने कातडी पोळते. दिवसातून चार वेळा तिच्या पोटावर दोन्ही बाजूंनी हात ठेवून, हलका आणि स्थिर दाब देऊन मूत्राशय रिकामे करायला मी डॉक्टरांकडून शिकले. पहिले दोन आठवडे माझे हात थरथरत. आता डोळे मिटून जमते. त्यानंतर कोमट पाण्याने धुणे, कोरडे पुसणे, मलम लावणे. पोटाचे आणि मांड्यांचे केस आखूड ठेवले आहेत, कारण कॉर्गीच्या दुहेरी केसांत ओल तासन्‌तास राहते. रात्री दोनदा उठून तिची कूस बदलावी लागते, नाहीतर हाडाच्या टोकांवर जखमा होतात. एक वेळ माझी, एक नवऱ्याची. शिणवणारे आहे हे खरे. मी हे कर्तव्य म्हणून करते असेही नाही. पहाटे तीनला कूस बदलल्यावर ती जो खोल श्वास सोडते, तो ऐकायला मला उठावेसे वाटते.

तिचे कान गेल्या वर्षी गेले. त्यातून एक चांगली गोष्ट झाली. इथे ५ नोव्हेंबरला ‘गाय फॉक्स नाइट’ या ब्रिटिश सणाला रात्री फटाके उडतात आणि त्याच्या आगेमागे आपली दिवाळी येते. केशर जन्मभर त्या दिवसांत न्हाणीघरात दडून बसत असे. मागच्या नोव्हेंबरात ती खिडकीपाशी शांत झोपली होती, आणि थरथरणाऱ्या बुक्काने येऊन तिच्या पोटाशी डोके खुपसले. दिवाळीची दुसरी भीती मात्र कायम आहे. फराळाचा डबा उघडा राहिला आणि बुक्काने बेदाणे घातलेले दोन बेसनाचे लाडू खाल्ले, त्या रात्री आम्ही डॉक्टरांकडे धावलो. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्याला वेळेत उलटी करवली म्हणून निभावले. तेव्हापासून आमच्या लाडवांत बेदाणे नसतात.

गेल्या दोन महिन्यांपासून केशरचे पुढचे पाय थकू लागले आहेत. गाडीत ती दहा-बारा पावले टाकते आणि मान खाली घालते. आता गाडी अंगणातच निघते. डॉक्टर महिन्यातून एकदा घरी येतात. शेवटच्या इंजेक्शनबद्दल आम्ही त्यांच्याशी स्पष्ट बोललो आहोत, कारण या आजारात श्वासाचे स्नायू दमेपर्यंत थांबणे म्हणजे तिच्यावर अन्याय होईल. आईला मी फोनवर हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. कुत्र्याचा जीव आपण घ्यायचा, हे तिच्या पिढीला पेलत नाही. मग तिने एवढेच विचारले, “अजून मोजती का?”

मी ‘हो’ म्हटले. आमच्या घरात तो दिवस ठरवण्यासाठी दुसरे कोणतेही माप नाही. डॉक्टरांनी भूक, झोप, श्वास यांची नोंद ठेवायला कागद दिला आहे आणि तो मी रोज भरते, पण नवरा, मुलगा आणि मी तिघेही संध्याकाळी सहाला एकमेकांकडे न पाहता तिच्याकडे पाहत असतो.

काल मुलाला सरावामुळे उशीर झाला. साडेसातपर्यंत तो आला नव्हता. केशर मान टेकवून पडली होती, पण डोळे दारावर होते. थोड्या वेळाने तिने बुक्काकडे पाहिले, आणि बुक्का उठून पुढच्या दाराशी, तिच्या जुन्या जागी, जाऊन बसला. हे तो गेल्या आठवड्यापासून करू लागला आहे. पावणेआठला कुलूप वाजले. बुक्का बाजूला सरकला, मुलगा बूट न काढता आधी गादीसमोर येऊन गुडघ्यांवर बसला, तिने त्याच्या हाताला नाक लावले, एकदा भुंकली, आणि झोपली.